चार दाण्यांचं वजन

त्र्याण्णव सालच्या दिवाळीआधी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका बियाण्यांच्या कंपनीत मी एक काटा बसवला. काटा म्हणायचा तो सवयीनं. पत्र्याचं चौकोनी पान, त्याखाली पुण्याहून मागवलेली राखाडी पेटी, आणि पेटीतून निघून कॉम्प्युटरच्या पाठीत घुसणारी वायर, एवढाच तो ऐवज होता. पेटीला ना सुई होती ना आकडा. आकडा दाखवणारी पेटी मी मुद्दामच मागवली नव्हती, कारण आकडा दाखवायला माझा प्रोग्राम होता.

शहागंजात घड्याळाजवळ एका बँडवाल्याच्या दुकानावर माझी दहा बाय बाराची खोली होती. खाली लग्नाची गाणी घोटली जात आणि वर मी प्रोग्राम लिहीत असे. विंडोज तेव्हा गावात नुकतंच आलं होतं. काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांना कंटाळलेले कारखानदार रंगीत खिडक्या पाहून लहान मुलांसारखे खूश होत. त्यांना खूश करण्यात माझा हात धरणारा औरंगाबादेत कुणी नाही, असं निदान मी तरी मानत होतो.

या कंपनीचे प्रॉडक्शन मॅनेजर काकासाहेब. त्यांच्यासाठी मी पडद्यावर एक मोठी गोल तबकडी काढली आणि तिच्यात लाल सुई. बाजरीच्या बियाण्याचं पुडकं दीड किलोचं. ते पानावर ठेवलं की सुई झुलत जाऊन दीडवर थांबे आणि खाली हिरवा दिवा लागे. वजन कमीजास्त झालं तर लाल दिवा, आणि पुडकी पुढे नेणारा पट्टा आपोआप बंद. काकासाहेबांनी पहिल्या दिवशी वीसेक पुडकी स्वतः ठेवून पाहिली. सुई थांबली की ते माझ्याकडे वळून हसत, जणू सुई त्यांनीच थांबवली होती.

पानापाशी दोन पाळ्यांना दोन बाया होत्या. बायांना सातनंतर कामावर ठेवता येत नसे, म्हणून पहिली पाळी सकाळी सात ते एक आणि दुसरी एक ते सात. सकाळी वच्छलाबाई असत. त्या पिशोरकडच्या धनगरांच्या. मेंढरं विकून नवराबायको शहरात आली होती, नवरा जवळच्याच एका कारखान्याच्या फाटकावर राखणीला होता. दुपारी मुक्ताबाई. त्या भावसिंगपुऱ्याहून दोन बस बदलून येत. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव अठ्ठ्याहत्तर साली झाला, त्या पावसाळ्यात कन्नड तालुक्यातल्या एका खेड्यात त्यांच्या सासरचं घर जाळलं गेलं आणि सगळं कुटुंब इथं आलं. पण हे मला फार उशिरा समजलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की बाई दहावी झालेल्या आहेत आणि प्रश्न फार विचारतात.

वच्छलाबाई कायम होत्या, मुक्ताबाई टेंपररी. सलग दोनशे चाळीस दिवस भरले की कायम करायचं, असा तिथल्या युनियनचा आणि कंपनीचा करार होता. म्हणजे दोनशे चाळीस भरू द्यायचे नाहीत, असाही एक न लिहिलेला करार होता. दोनशेच्या पुढे गेलेला माणूस काही ना काही निमित्तानं घरी बसवायचा, चार दिवसांनी नव्या कार्डावर घ्यायचा आणि त्याची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. मुक्ताबाईंना असं दोनदा झालं होतं. या खेपेला मी काटा बसवला तेव्हा त्यांचे एकशे सत्तर दिवस झाले होते. आपण दिवस मोजत नाही असं त्या सांगत, पण विचारलं की आकडा तोंडावर तयार असे.

काट्याजवळच्या भिंतीवर मी सूचनांचा टाइप केलेला कागद चिकटवला होता. त्यातली दुसरी सूचना अशी : 'प्रत्येक पुडक्याआधी पान पूर्ण रिकामे करावे.' या सूचनेवर मी बराच विचार केला होता आणि ती मला आवडलीही होती.

आठवड्याभरात काकासाहेबांचा फोन आला. दुपारच्या पाळीत सुई पिसाळली होती. दीड किलोचं पुडकं तीन किलो आठशे सत्त्याण्णव दाखवत होतं. लाल दिवा, पट्टा बंद, पुडक्यांचा ढीग आणि सगळ्यांची तोंडं वाकडी. मी लूनावर टांग मारून गेलो. पोचलो तोवर सुई शहाण्यासारखी दीडवर थांबत होती. मी तासभर बसलो, वायरी हलवून पाहिल्या, काही झालं नाही.

"काय केलं होतं बाई?" मी मुक्ताबाईंना विचारलं.

"कागदावर लिव्हलंय तसंच केलं साहेब. पुडकं काढलं, पान रिकामं केलं, दुसरं ठेवलं."

"हात टेकला असेल पानावर. दोन किलोचा भार उगाच येत नाही."

"नाय टेकला."

नोंदवहीत बिघाडाचं कारण लिहावं लागे. मी लिहिलं : 'ऑपरेटरचा हात पानावर टेकणे.' खाली सही केली. असं मी नोव्हेंबर-डिसेंबरात चार वेळा लिहिलं.

तिसऱ्या खेपेला मुक्ताबाई मला थांबवून म्हणाल्या, "साहेब, एक सांगू का? हसू नका पण."

मी हसणार नाही असं म्हटलं.

"पान साफ असलं की चालतंय. पुडक्यातून चार दाणे सांडले पानावर, अन् पुसायला उशीर झाला, की बिघडतंय. अन् मग..." त्यांनी आवाज खाली आणला. "मग परत चार दाणे टाकले, की सुधरतंय. मी करून बघितलंय. दोनदा."

मी हसलो. हसायचं नाही म्हणून शब्द दिला होता, तरी हसलो. चार दाण्यांनी मशीन बिघडतं आणि चार दाण्यांनीच सुधारतं, हे मला एखाद्या बुवाच्या अंगाऱ्यासारखं वाटलं. "बाई, हे यंत्र आहे," मी म्हणालो. "याला दाणे टाकून चालत नाही. तुम्ही आपला हात सांभाळा."

त्यांनी मान हलवली आणि कामाला लागल्या. पुन्हा त्यांनी मला काही सांगितलं नाही.

आता इथं मला पेटीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळा घोळ तिथं आहे. पेटी वजन मोजायची ते ग्रॅमच्या दहाव्या भागात. दीड किलो म्हणजे तिच्या लेखी पंधरा हजार. हा आकडा ती वायरीतून दोन बाइटांत पाठवायची, आणि एका बाइटात दोनशे पंचावन्नच्या वरचा आकडा मावत नाही. म्हणून पहिल्या बाइटात दोनशे छप्पनचे गठ्ठे किती ते, आणि दुसऱ्यात उरलेले सुटे. पंधरा हजार म्हणजे अठ्ठावन्न गठ्ठे आणि एकशे बावन्न सुटे. पानावर वजन स्थिर झालं की हे दोन बाइट निघायचे, आणि माझा प्रोग्राम जोडी जुळवून सुई हलवायचा. जोडी कुठून सुरू होते याची खूण पेटी पाठवत नव्हती. प्रोग्रामनं आपलं दोन-दोन मोजत राहायचं, एवढंच.

दिवस सगळे तेव्हा नामांतराचे होते. होणार, नाही होणार, अमक्या तारखेला जाहीर होणार, अशा रोज नव्या बातम्या. क्रांती चौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या असत, एखाद्या दिवशी दुपारी अचानक बस बंद होत. शहागंजात दुकानदार शटर निम्मं खाली ओढून धंदा करत. मी या भानगडीत नव्हतो. मी कुठल्याच भानगडीत नसतो, असं माझं स्वतःबद्दल मत होतं आणि मला त्याचा थोडा अभिमानही होता.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काकासाहेबांनी मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला.

"पुंडलिकराव, मी साधा विचार करतो," ते म्हणाले. "सकाळच्या पाळीत दोन महिन्यांत एक बिघाड नाही. दुपारी मात्र चार. मशीन तेच, वायर तीच, बाजरी तीच. मग बदलतं काय? बाई बदलते."

मांडणी बिनतोड होती. मीही अशीच मांडणी केली असती.

"आणि सध्याचे दिवस बघा. यांचं लक्ष कामावर असेल का?"

यांचं म्हणजे कुणाचं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांनी पुढची गोष्ट काढली. बुधवारी, बारा तारखेला, जालन्याच्या कारखान्यातून माणसं यायची होती. काटा त्यांना पसंत पडला तर तिथं असे सहा बसवायचे होते, आणि ते काम मला मिळणार होतं. सहा काटे म्हणजे मी बँडवाल्याच्या डोक्यावरून उठून उस्मानपुऱ्यात ऑफिस घेणार होतो. मनातल्या मनात माझी तिथं टेबलं मांडूनही झाली होती.

त्यासाठी सोमवारी, दहा तारखेला, मी तयारीला म्हणून सकाळीच गेलो. सकाळच्या पाळीत मी त्याआधी कधी धड बसलोच नव्हतो. बिघाड दुपारी व्हायचा, म्हणून मीही दुपारीच जायचो. कॉम्प्युटरपुढे स्टूल ओढून मी वच्छलाबाईंचं काम पाहत बसलो.

त्यांच्याकडे मूठभर बाजरीची एक कापडी पुरचुंडी होती. पान मोकळं असलं की ती पानावर. पुडकं ठेवलं की त्या डाव्या हातानं पुरचुंडी उचलत, सुई दीडवर थांबली की पुरचुंडी परत ठेवत आणि मगच पुडकं काढत. दोन्ही हात असे चालत की नजर ठेवल्याशिवाय कळू नये. पान एकदाही रिकामं राहत नव्हतं.

"हे काय वच्छलाबाई? कागदावर काय लिहिलंय?"

"मला कुठं वाचता येतंय साहेब," त्या म्हणाल्या. "अन् मापाचं पान रितं ठेवत्यात व्हय? बरकत जाती. आमच्यात पायली सुद्धा रिती नाय ठेवत, चिमूटभर तरी राहू देत्यात तळाला."

आमच्या वैजापूरच्या घरीही हेच होतं. आई पिठाचा डबा कधी खरवडून काढत नसे. नवं पीठ आलं की जुन्या मुठीवरच पडायचं. मी मुंबईहून कॉम्प्युटर शिकून आलो तेव्हा या गोष्टी विसरायच्या यादीत घालून टाकल्या होत्या.

मी वच्छलाबाईंची पुरचुंडी मागून घेतली. पान पुसलं. जमिनीवरचे चार दाणे उचलून पानावर टाकले, पुसून घेतले आणि पुडकं ठेवलं; सुई शंभर ग्रॅमपाशीच अडली, म्हणून पुडकं काढून परत ठेवलं. सुई दीडच्या घरावरून सुटली आणि पार पलीकडे गेली. तीन किलो आठशे सत्त्याण्णव. पुडकं काढून पुन्हा ठेवलं, पुन्हा तेच. मग सगळं काढलं, पान पुसलं, नव्यानं चार दाणे टाकले. पुडकं ठेवलं. दीड किलो, हिरवा दिवा.

मी कीबोर्ड पुढे ओढला. वच्छलाबाई कौतुकानं पाहत होत्या.

प्रोग्राम उघडून कारण शोधायला मला दहा मिनिटं लागली. वायरीतून बाइट आत घेणाऱ्या भागाच्या सेटिंगमध्ये एक ओळ असते : शून्य बाइट आले तर टाकून द्यावेत का? तिथं मी 'हो' केलं होतं. आधीच्या वर्षी पैठण रोडच्या एका कारखान्यात मोटार सुरू झाली की वायरीत कचरा यायचा, नुसती शून्यं, तेव्हापासून ती मला सवयच लागली होती. पण या पेटीचं शून्य कचरा नव्हतं. चार दाणे म्हणजे खरं तर चिमूटभर, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे गठ्ठे शून्य आणि सुटे चार-पाच. शून्य फेकलं जायचं आणि सुट्यांचा बाइट एकटाच आत यायचा. त्या एकट्यानं पुढच्या सगळ्या जोड्या बिघडत. पुडक्याचे सुटे पुढच्या पुडक्याच्या गठ्ठ्यांशी जोडले जात, आणि एकशे बावन्न गठ्ठे अन् अठ्ठावन्न सुटे म्हणजे बरोबर तीन किलो आठशे सत्त्याण्णव. परत चार दाणे पडले की आणखी एक एकटा बाइट यायचा आणि जोड्या पुन्हा जाग्यावर. पान अगदी साफ असेल तर दोन्ही बाइट शून्य, दोन्ही फेकले जायचे, कुणाचंच बिघडायचं नाही. वच्छलाबाईंची पुरचुंडी भरायची चाळीस ग्रॅम, त्यात एक गठ्ठा पुरा बसायचा, म्हणून त्यांच्या पाळीत शून्य कधी आलंच नाही.

म्हणजे मुक्ताबाईंनी मला सांगितलेलं अक्षर अन् अक्षर खरं होतं. माझी सूचना पाळणारी ती एकटी बाई होती, आणि तीच सापडली होती.

मी 'हो'चं 'नाही' केलं. एक टिचकी, बस्स. मग शंभर वेळा दाणे टाकून पाहिले, पुडक्याची सुई दीडवरून हलली नाही. तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. काकासाहेबांची केबिन वीस पावलांवर होती. मी तिकडे निघालोही, आणि मग मनात आलं की परवा जालन्याची माणसं यायची आहेत. दोन महिने या प्रोग्रामला धड मोजता येत नव्हतं, हे परवाच्या आत कशाला सांगायचं? गुरुवारी सांगू. बिघाड तर आता व्हायचा नाही, मग कुणाचं काय अडतंय? असा साधा, सरळ विचार करून मी फाटकाकडे वळलो. मुक्ताबाई यायच्या आत मी निघून गेलो होतो.

मंगळवारी दुपारी काकासाहेबांनी बोलावून घेतलं. केबिनमध्ये मुक्ताबाई उभ्या होत्या. टेबलावर नोंदवही उघडी होती, माझ्या अक्षराची पानं वर. बुधवारी पाहुण्यांसमोर लाल दिवा लागायला नको, म्हणून काकासाहेबांनी बाईंना आजच घरी पाठवायचं ठरवलं होतं. निष्काळजीपणा, चार नोंदी, चार सह्या. त्या दिवशी त्यांचे दोनशे सव्वीस दिवस झाले होते. चौदा उरले होते.

"मी हात टेकला नाय," मुक्ताबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "साहेब, तुम्ही सांगा की यांना. मशीनमधी खोट असंल ना काही तरी?"

काकासाहेबही माझ्याकडे पाहू लागले.

"मशीनमध्ये आता काही दोष नाही," मी म्हणालो.

वाक्य खरं होतं. त्यातला 'आता' मी मोठ्या हुशारीनं घातला होता आणि तो कुणाच्या लक्षात येणार नाही हेही मला ठाऊक होतं. मुक्ताबाईंनी क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग गेटपास उचलला आणि बाहेर पडल्या. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही वाटलं. दुसरं जास्त वाटलं.

बुधवारी जालन्याची माणसं आली. दुपारच्या पाळीलाही वच्छलाबाईंनाच थांबवलं होतं. सुई नाचली, हिरवा दिवा लागला, सगळे खूश झाले. गुरुवारी मी काकासाहेबांना सांगणार होतो, पण शहरात बस बंद होत्या, असं मी स्वतःला सांगितलं. माझी लूना चालू होती. शुक्रवारी संक्रांत. त्याच दिवशी विद्यापीठाचा नामविस्तार जाहीर झाला आणि अर्ध्या शहरात गुलाल, अर्ध्यात शुकशुकाट.

शनिवारी कंपनी उघडली. मी नोंदवहीतली माझी पानं पाहायला गेलो होतो. फाडता येतील का, हेही मनात होतं. वच्छलाबाई पट्ट्यापाशी उभ्या होत्या. त्यांनी पदराच्या गाठीतून तिळगूळ काढून माझ्या हातावर ठेवला आणि विचारलं, "साहेब, त्या बाईला काढलं म्हणं?"

"हो."

"ती मला म्हणाली व्हती, चार दाण्यानं बिघडतंय म्हणून. तुम्हाला बी सांगितलं म्हणाली."

"सांगितलं होतं."

"अन् सोमवारी तुम्ही दाणे टाकून बघितलं. माझ्या म्होरंच."

मी तिळगूळ खिशात टाकला.

"मग?" वच्छलाबाई म्हणाल्या.

मला लाज वाटली, अगदी साधी, लहानपणी चोरी पकडल्यावर वाटते तशी. मी काकासाहेबांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते फारसे रागावले नाहीत. "सुधारलं ना? मग झालं तर," ते म्हणाले. "येऊ दे बाईला परत. सोमवारी नवं कार्ड काढू."

"नवं कार्ड म्हणजे तिचे दोनशे सव्वीस दिवस..."

"पुंडलिकराव, तुम्ही कॉम्प्युटरचं बघा."

रविवारी सकाळी मी भावसिंगपुऱ्यात गेलो. गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत निळ्या पताका होत्या, जमिनीवर कालपरवाचा गुलाल, आणि लाउडस्पीकरवर भीमगीतं. मुक्ताबाईंच्या दारात बाजा टाकून माणसं बसली होती. मुक्ताबाईंनी मला ओळखलं. आत या म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांचा नवरा अप्पाराव, मालधक्क्यावर हमाली करणारा उंच माणूस, त्यानं मात्र स्टूल आणून दिलं. कंपनीतले साहेब घरी आले, यात त्याला काहीतरी चांगलंच दिसत होतं.

मी मुक्ताबाईंना सांगितलं : चूक प्रोग्रामची होती, म्हणजे माझी. चार दाण्यांचं तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. त्या ऐकत राहिल्या. नव्या कार्डाचंही सांगितलं.

"नवं कार्ड नको," त्या म्हणाल्या. "माझे दिवस पाहिजेत. लिहून देता का, हे आत्ता बोललात ते?"

अप्पारावनं वहीचा कागद आणला. मी मांडीवर पाटी घेऊन लिहिलं. बिघाडाचं कारण, नोंदवहीतल्या चारही नोंदी चुकीच्या, ऑपरेटरचा काही दोष नाही. त्या कागदावर पुढे युनियननं भांडून त्यांचे दोनशे सव्वीस दिवस धरायला लावले, आणि जालन्याचे सहा काटे दुसऱ्या कुणीतरी बसवले. पण तेव्हा हे काही मला ठाऊक नव्हतं. तेव्हा माझ्यापुढे फक्त एक प्रश्न होता. दोष केव्हा आढळला, ती तारीख लिहायची होती. पंधरा, म्हणजे कालची, लिहिली असती तर तिथं कुणी हटकलं नसतं. मी पेन जरा धरून ठेवलं आणि खरी तारीख लिहिली. सही केली आणि कागद दिला.

मुक्ताबाईंनी तो ओळीवर बोट फिरवत वाचला. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"दहा तारीख," त्या म्हणाल्या. "म्हणजे सोमवार."

"हो."

"मंगळवारी मी तुमच्या बाजूला उभी होते. तुम्हाला इचारलं होतं मी."

"हो," मी म्हणालो.

तेवढ्यात आतून त्यांच्या सासूबाई, चंपाबाई, पेढ्यांचा खोका घेऊन आल्या. गल्लीतल्या प्रत्येकाला त्या दोन दिवस पेढे वाटत होत्या, ओळखीच्याला आणि अनोळख्याला. त्यांनी माझ्यापुढे खोका धरला आणि हसून म्हणाल्या, "घ्या साहेब, सोळा वर्साचा पेढा हाय."

मी हात पुढे केला.

"आत्याबाई," मुक्ताबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. कागदाची घडी घालता घालता त्या बोलत होत्या. "यांना नका देऊ."